माझ्या फोटोतले डोळे

माझा आजार सगळ्यांत आधी फोटोत दिसला, आणि मीच तो फोटोतून काढून टाकला. हे मी कोणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माझ्यासारखा दुसरा येडा कुठं असेल तर त्याच्यासाठी लिहितो.

केनवडात बसथांब्याजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. पंचवीस वर्षं झाली. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळेची ओळखपत्रं, सगळं करतो. बँकेच्या एका कागदासाठी मला माझाच फोटो पाहिजे होता, तो वैष्णवीनं काढला. वैष्णवी माझी एकुलती एक पोरगी. बी.ए. झाली आणि कॅमेरा गळ्यात अडकवून माझ्यासोबत उभी राहिली. आता लग्नाच्या ऑर्डरी तीच पाहते. तो फोटो मी लॅपटॉपवर उघडला तर डावा गाल उजव्यापेक्षा भरलेला. म्हटलं, दाढ सुजली असेल. माऊस धरला, गाल आत ढकलला, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि प्रिंट मारली. गिऱ्हाइकांच्या चामखिळी, देवीचे व्रण, मुरमाचे डाग मी रोज काढतो. हाताला सवय झालेली.

त्यानंतर तीन-चार महिने गेले. तिखट झोंबायला लागलं. घास मोठा जाईना. माझी बायको शोभा ताटाकडे पाहायची आणि म्हणायची, "अवो, भाकरीचे असे चिमणीवानी तुकडे काहून करून राह्यले? तोंड उघडत नाही का तुमचं?"

"दाढ हाये," मी म्हणायचो आणि तळहातावर खर्रा चोळायचो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. आमच्याकडे चहाआधी तो लागतो. त्या खर्र्याचं आणि त्या गालाचं काही नातं असेल हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. म्हणून तर डॉक्टरकडे जात नव्हतो.

*

रिसोडला दातांच्या डॉक्टरकडे गेलो ते दाढ काढून घ्यायला. खुर्चीत बसलो, दिवा तोंडावर आला. आयुष्यभर मी लोकांच्या तोंडावर दिवे लावले, पण माझ्या तोंडावर आलेला मला अजिबात सोसला नाही.

"मोठा आ करा," डॉक्टर म्हणाला. मी केला. "अजून." अजून होत नव्हता. त्यानं आपली बोटं माझ्या दातांमध्ये उभी धरून पाहिली, दोनच मावली. मग आरसा घालून गालाच्या आत पाहिलं. उठून हात धुवायला गेला आणि लय वेळ धूत राहिला. माझ्याकडे पाठ होती त्याची, तरी मला त्याचा चेहरा दिसला.

"दाढेचं तं काही नाही ना डॉक्टरसाहेब?"

"दाढ चांगली हाये भाऊ," तो म्हणाला. "तुमी नागपूरले जा. उद्याच जा. घरचं कोणी संग न्या."

घरचं कोणी संग न्या म्हटलं की माणसाला कळतंच. मी घरी येईपर्यंत बसच्या खिडकीतून सोयाबीनची वावरं पाहत होतो आणि एकही दिसत नव्हतं.

नागपूरला गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला मी आणि शोभा गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती. कॅन्सर हा शब्द तिनं एकदाच उच्चारला, तोही हळू आवाजात. गाल काढावा लागेल, जबड्याचं थोडं हाड काढावं लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, आणि छातीची कातडी आणून तो खड्डा बुजवू. "चेहरा बदलेल," ती म्हणाली.

"किती?" मी विचारलं.

"तुम्ही जगाल का, हे आपण आधी पाहू."

शोभा मधेच म्हणाली, "बदलू द्या मॅडम. हे कोण्या गावचे हिरो लागून गेले." डॉक्टरीणबाई हसली, मीही हसलो. बाहेर पायऱ्यांपर्यंत आलो. शोभा तिथंच पायरीवर बसली, तोंडात पदर कोंबून. मग पदर काढून माझ्यावर ओरडली. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. "वीस वर्षं झाली सांगून राह्यली व्हती! वीस वर्षं! आता मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

मी तिची पिशवी उचलली आणि उभा राहिलो.

*

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही.

खेड्यात म्हातारी माणसं फोटो काढून घेत नाहीत. मग माणूस जातो आणि तेरवीला हार घालायला फोटो नसतो. पोरं घाईघाईनं मोबाइलवर मयताचा फोटो काढून आणतात. नाकात कापूस, डोळे मिटलेले. तो माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, "भाऊ, डोळे उघडून द्या." मी कापूस काढतो, अंगावर काळा कोट चढवतो, मागं निळा पडदा टाकतो आणि डोळे उघडून देतो. ते डोळे दुसऱ्याचे असतात. लॅपटॉपमध्ये माझ्याकडे डोळ्यांचा एक वेगळा फोल्डरच आहे, सगळे आधी गेलेल्या माणसांचे. मला हे काम शिकवणारे उस्ताद मेहकरचे होते. त्यांनी एकच कायदा घालून दिला होता: मेलेल्याले जित्याचे डोळे लावू नोको, लय खराब असते ते.

रिपोर्ट आला त्याच हप्त्यात जवळच्या वाडीवरून अंजनाबाई आल्या होत्या, नवऱ्याचा फोटो न्यायला. म्हाताऱ्याचे डोळे मी उघडून ठेवले होते. त्यांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"भाऊ, हे डोळे काही त्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

मी फ्रेम परत घ्यायला हात पुढं केला.

"राहू द्या. पाहून तं राह्यले मायाकडे." फ्रेम पदरात गुंडाळून त्या गेल्या. इतर वेळी मी हे विसरून गेलो असतो. त्या दिवशी नाही विसरलो. माझे डोळे कोण उघडेल, असं मनात आलं आणि जाईचना.

*

ऑपरेशनला सहा दिवस होते. दुपारी जेवायच्या वेळेला शटर अर्धं ओढलं आणि लॅपटॉप उघडला. पोरीला हे काम करावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं. बाप गेला त्याच दिवशी तिनं बापाला कोट चढवत बसायचं, हे मला पाहवत नव्हतं.

पण बँकेचा तो गाल दाबलेला सोडला तर माझा फोटोच सापडेना! जो कॅमेऱ्यामागं उभा राहतो त्याचा फोटो कोण काढणार? शेवटी चुलत भावाच्या लग्नातला एक सापडला. फेटा बांधलेला, तोंड भरून हसलेलो, गाल दोन्ही सारखे. आणि नेमके डोळे मिटलेले, पापणी लवली असेल.

बँकेच्या फोटोतले डोळे लावून पाहिले. ते सरकारी दिसत होते, हसऱ्या तोंडाला जुळेनात. मग टायमर लावून त्याच वेळी स्वतःचा फोटो काढला आणि त्यातले डोळे घेतले. ते भेलेले होते. गाल दाबता येतो, डाग पुसता येतो, पण डोळ्यातलं भेव काढायचं कोणतंच बटण माझ्या लॅपटॉपमध्ये नाही. वरून हसणारं तोंड आणि मधात ते डोळे. माझं मलाच पाहवेना.

फोल्डरमधले परक्याचे डोळे लावून शोभाकडे पाहायला मन होईना. मग मी वैष्णवीचा एक फोटो उघडला. कॉलेजच्या वर्गात काढलेला, खिडकीजवळ, खळखळून हसलेली. सगळे म्हणतातच, पोरीचे डोळे बापावर गेले. काजळ पुसलं, आकार जमवला, बसवले. असे बसले की बस. फेटा काढला, कोट चढवला, निळा पडदा टाकला. "नवीन फोल्डर" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून दिला.

सेव्ह दाबेपर्यंत हात स्थिर होते. दाबल्यावर उस्तादांचा कायदा आठवला. मी माझ्या जित्या पोरीचे डोळे काढून मयताच्या फोटोत घातले होते. तेवढ्यात शटर वर झालं, शोभा डबा घेऊन आली, आणि मी लॅपटॉप झाकला. नंतर तो फोटो उडवायची हिंमत झाली नाही. उडवला तर माझ्यासाठी काहीच उरत नव्हतं.

*

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा नाकात नळी, मानेत नळी, छातीला बँडेज, डोकं सिमेंटचं झाल्यासारखं. बोलता येत नव्हतं. उशाला पाटी आणि खडू ठेवला होता. खाटेजवळच्या स्टुलावर वैष्णवी बसली होती. तिच्या मांडीवर माझा लॅपटॉप होता.

एका लग्नाचा अल्बम अर्धा राहिला होता. तो पूर्ण करायला तिनं लॅपटॉप सोबत आणला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. जखमेचं भ्या एकीकडे राहिलं. मी नुसता तिच्या बोटाकडे पाहत पडायचो. कुठं दाबते? कोणता फोल्डर उघडते?

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. पहाटे नळीतून दूध, मग ड्रेसिंग, मग राउंड, मग नळीतून डाळीचं पाणी. आमच्या वॉर्डात सगळ्यांची तोंडं बांधलेली. कोणी बोलत नाही, सगळे पाटीवर लिहितात किंवा हातवारे करतात. न्हाणीघरात खिळा होता, आरसा नव्हता. समोरच्या खाटेवरचा माणूस एका सकाळी तिथं नव्हता. पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती. मी पाटीवर लिहिलं, "कुठं गेला?" सिस्टर म्हणाली, "सुट्टी झाली त्यांना," आणि माझी उशी सारखी करायला लागली. तिनं मला कधी खोटं सांगितलं असेल तर ते तेवढंच. त्याच सिस्टरनं रोज माझे केस विंचरले, भांग पाडून. ड्रेसिंग सोडलं तर चेहऱ्याला कोणाचा हात लागत नव्हता, त्यामुळे तो कंगवा लय बरा वाटायचा.

एकदा मी पाटीवर लिहिलं, "नवीन फोल्डर". वैष्णवी उठून जवळ आली. "काय म्हणून राह्यले बाबा?" मी तळहातानं पुसून टाकलं. काय लिहू? उडव म्हटलं तर ती आधी उघडून पाहील. तसंच राहू दिलं आणि मी गेलो, तर तिचेच डोळे भिंतीवरून तिच्याकडे पाहतील. मी पुन्हा लिहिलं, "तहान". तिनं ओला कापूस ओठाला लावला.

*

दहाव्या-बाराव्या दिवशी तोंडावरची पट्टी कायमची काढायचं ठरलं. सिस्टरनं पट्टी सोडवली. शोभा उजवीकडे उभी होती. तिनं पाहिलं, आणि पाहतच राहिली. तोंड फिरवलं नाही. एवढ्यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे. लाळ गळत होती, ती तिनं पदरानं टिपली.

मग वैष्णवीनं बॅगेतून कॅमेरा काढला. मी हातानं नाही नाही केलं. ती खिडकीकडे सरकली, उजेड पाहिला, कॅमेरा डोळ्याला लावला. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"बाबा, डोळे उघडा."

मी उघडले नाहीत. पोरीवर असा संताप आला की सांगता येत नाही.

"उघडा ना बाबा. मले तुमचे डोळे पाहिजेत." आणि मग तिचा आवाज फाटला. "माहे मले वापस द्या."

मी डोळे उघडले. ती रडत होती, पण कॅमेरा खाली घेतला नव्हता. खटका वाजला. त्या दिवशी तिनं काढलेला तो एकच फोटो.

मी पाटी ओढली. "कधी पाहिलं?"

"तुमी आत होते तवा. अल्बमचे फोटो पाहून राह्यली व्हती." आठ तास चाललं होतं माझं ऑपरेशन. आठ तास ती बाहेर बाकड्यावर तो फोटो घेऊन बसली होती, आणि तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. "मले वाटलं तुमी गेलेच. डोळ्यात खिडकी दिसून राह्यली व्हती बाबा. माह्या वर्गाची. तोंड काकाच्या लगनातलं, अन् लगन तं मांडवात झालं. मांडवात खिडकी कुठून आली?"

पंचवीस वर्षांचा माझा हात, आणि खिडकी पुसायची राहून गेली! मी हसायला गेलो, टाके ओढले, आणि रडूच आलं. शोभा म्हणत होती, "कोणती खिडकी? काय झालं माय?" वैष्णवीनं लॅपटॉप माझ्या पोटावर ठेवला आणि तो फोटो उघडला. शोभानं वाकून पाहिला. डिलीट मीच दाबलं. खरंच उडवायचं का, असं लॅपटॉपनं विचारलं. हो, म्हटलं.

*

घरी आल्यावर महिनाभर मी वैष्णवीनं काढलेला फोटो उघडला नाही. शेकाई, म्हणजे रेडिएशन, चालू होती, तोंडात सगळे फोड, नळी अजून निघायची होती. शोभाशी रोज भांडण. डाळीचं पाणी गरम का, थंड का, दार कोणी लावलं. कोणी भेटायला आलं की मी गमछा तोंडाला बांधून मागच्या खोलीत जायचो. आलेला माणूस म्हणायचा, "चांगले दिसतात की!" मला न पाहताच.

मग एका दुपारी फोटो उघडला. सवयीनं हात माऊसकडे गेला. ओठापासून कानापर्यंतची शिवण पुसली. मानेवरची पुसली. गाल भरून घेतला. आणि थांबलो. स्क्रीनवर जो माणूस तयार झाला त्याला फक्त कोट घालायचा राहिला होता. मी सगळं मागं घेतलं, एकेक टाका परत आणला.

त्या फोटोत काय आहे ते सांगतो. डावीकडे छातीची कातडी आहे, रंगानं थोडी काळी, सदऱ्याला ठिगळ लावल्यासारखी. (तिच्यावर केस उगवतात, तोंडाच्या आतही. डॉक्टरीणबाईला विचारलं तर म्हणाली, "छातीला कुठं माहीत आहे ती तोंडात आलीय?") ओठ एका बाजूला खाली गेलाय. भांग सिस्टरनं पाडलेला. डोळे मोठे उघडे आणि सरळ कॅमेऱ्यात, आणि त्यांत मरणाचं भ्या आहे. खाली कोपऱ्यात माझी मूठ आहे, आणि मुठीत शोभाचा पदर. तो मी धरला होता हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मी शोभाला बोलावलं. तिनं चष्मा लावून पाहिलं. "यात तं बोहल्यावर होते तसेच दिसता," ती म्हणाली. "तवा बी असेच भेलेले होते." त्या दिवशी आमचं भांडण झालं नाही.

वैष्णवीनं त्याची मोठी प्रिंट काढली आणि स्टुडिओच्या काचेत लावली, जिथं आधी नवरीचा फोटो होता. मी आधी खवळलो, मग थकलो. शेजारचा पानठेलेवाला दोनदा येऊन गेला. "भाऊ, तो फोटो काढा ना. गिऱ्हाइक थांबत नाही." कोणाचं गिऱ्हाइक ते मी विचारलं नाही.

*

आता दर तीन महिन्यांनी नागपूरला तपासणी असते. लोक सांगतात, आता तुम्ही यातून निघालात. मी निघालो नाही. जिभेला बारीक फोड आला तरी मी बॅटरी घेऊन तोंडात पाहत बसतो. भ्या कमी होतं असं मला कोणी सांगितलं होतं. माझं झालं नाही. ते गमछ्याखाली लपवणं तेवढं बंद झालं. तुमचा गाल फोटोत भरलेला दिसला, तर त्याला माऊस लावू नका, एवढंच सांगतो.

काल बाजाराच्या दिवशी अंजनाबाई आल्या. काचेसमोर उभ्या राहिल्या, फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"हे खुद्द तुमचेच हायत," त्या म्हणाल्या.

"काय, बाई?" माझं बोलणं अजून फुटकं येतं.

"डोळे." मग आत येऊन बसल्या. "आमच्या म्हाताऱ्याचं वर्षश्राद्ध हाये भाऊ. तो झाकल्या डोळ्याचा फोटो हाये का तुमच्याजवळ? पोरानं काढला होता तो?"

होता. मी कापूस तेवढा काढला, बाकी कशाला हात लावला नाही. त्यांनी फ्रेम मांडीवर ठेवली आणि म्हाताऱ्याच्या कपाळावरून बोट फिरवलं. "झोपला की असाच दिसे," त्या म्हणाल्या.

उद्या सकाळी नागपूरची गाडी आहे. या वेळी गालाच्या आत एका जागी टणक लागतंय. शोभाला सांगितलंय. वैष्णवी बॅगेत रिपोर्टची फाइल ठेवत होती, तिला मी जवळ बोलावलं.

"हे पाह्य," म्हटलं, "काही कमीजास्त झालं तं काचेतला तोच फोटो भिताडावर लावजो. कोट घालू नोको. अन् डोळ्याले हात लावू नोको."

तिनं मान हलवली आणि फाइल बॅगेत सारून चेन लावली.